कळमकर अप्पांना बसता येत नव्हतं

सकाळी शाळेत जायला मी फाटक उघडलं, की कोपऱ्यावरून आवाज यायचा, "लक्ष द्या! सावेडीहून शहराकडे जाणाऱ्या बाई आज बी उशिरानं सुटत आहेत. वाटेतल्या मानसांनी बाजूला व्हावं!"

बाई म्हणजे मी. वाटेत माणूस नसायचाच. असलीच तर एखादी शेळी. सत्तर-एकाहत्तर साली नगरबाहेरची सावेडी म्हणजे बाभळींचं माळरान आणि त्यात लांब लांब उभी असलेली नवी घरं. आमच्या ओळीतलं शेवटचं घर कळमकर अप्पांचं. अप्पा एस.टी.त कंट्रोलर होते. जामखेडच्या स्टँडवर त्यांनी आयुष्यभर गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावर गाड्या सुटल्या, पुकारणं काही सुटलं नाही. पुकारताना ते भाषा अगदी सरकारी ठेवायचे, पण चार शब्द गेले की आतून जामखेड डोकावायचंच.

उभा माणूस अप्पांना बघवत नसे. आम्ही दोघी शेजारणी कुंपणाशी बोलत उभ्या राहिलो, की अप्पा हजर. "कुठली गाडी बघताय?" "कुठली नाही हो अप्पा, बोलतोय." "बोला, पर चालत बोला. गर्दी करू नका." पोस्टमनला ते पाणी द्यायचे आणि तो पाणी पीत असतानाच त्याला पुढच्या घराचा रस्ता दाखवायचे. मी त्यांना खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे चहाला आले तरी दाराच्या चौकटीला टेकून कपबशी हातात. "बसा की अप्पा," म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "आपन बसलो का गंजलो!"

यावर त्यांचा एक सिद्धांतच होता. डेपोत उभी राहिलेली गाडी आधी टायरनं जाते, मग बॅटरीनं, शेवटी तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागतात. "मानसाचं बी त्येच. साठी झाली म्हनून एकदा का कोपऱ्यात लावला, का संपला. त्याला रोज रूटवर धाडला पायजे." त्याप्रमाणे त्यांनी कॉलनीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना रूटवर धाडलं होतं. कुलकर्ण्यांच्या बहिऱ्या आजोबांकडे दुष्काळात येणाऱ्या पाण्याच्या टँकरचा हॉर्न ऐकण्याचं काम होतं. टँकर त्यामुळे दोनदा चुकला, पण आजोबा सकाळी दाढी करून, टोपी घालून रस्त्याला येऊन उभे राहायला लागले हे मात्र खरं.

अप्पांच्या हाताला लागले नाहीत ते एकटे भिंगारदिवे मास्तर. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, सडपातळ, शुभ्र कपड्यातले, हळू बोलणारे. मुलगा आणि सून नोकरीवर गेले, की दिवसभर खिडकीआड आरामखुर्चीत असायचे. रविवारी चर्चला जात, तेवढंच बाहेर पडणं. पुढे तेही थांबलं. त्यांचाही सिद्धांत होता, आणि तो नेमका उलटा. ते मला एकदा म्हणाले, "बाई, तास संपला की मास्तरानं फळा पुसून वर्गाबाहेर पडावं. रेंगाळू नये. पुढच्याची अडचण होते."

हे अप्पांच्या कानावर गेलं, आणि मास्तरांच्या मागे साडेसाती लागली. कधी ते मास्तरांकडे पत्र वाचून घ्यायला माणसं पाठवायचे. त्यातल्या एकाला स्वतःला चांगलं वाचता येत होतं, ते मास्तरांनी ताबडतोब ओळखलं. कधी सुताराला पाठवलं, मास्तरांनी न सांगितलेली खुर्ची दुरुस्त करायला. मास्तर सगळ्यांना नम्रपणे परत पाठवायचे. अप्पा हरायचे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरानं यायचे.

एक दिवस कहर झाला. सुट्टीचा दिवस होता, मी अंगणात गहू निवडत होते. अप्पा मास्तरांच्या खिडकीखाली उभे राहिले आणि त्यांनी तोंडाला हाताचा कर्णा लावला. "लक्ष द्या! भिंगारदिवे मास्तर, आपली गाडी फलाटाला लागलेली आहे! मास्तर, कुठं असाल तिथून त्वरित..."

दार उघडलं. मास्तर पायरीवर आले. 

"कळमकर, मला घरातून बाहेर काढायला तुम्ही महिनोन् महिने धडपडताय. एक विचारू? तुम्ही स्वतः तुमच्या घरात किती वेळ असता?"

अप्पांचे हात तोंडापाशीच राहिले.

"आम्ही सगळे बघतो. उजाडायच्या आत बाहेर, अंधार पडल्यावर आत. माणसांसाठी फिरता, की घरापासून पळता?"

कर्ण्याचे हात खाली आले. त्यांनी ते धोतराला पुसले आणि आपल्या घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मला कुणी पुकारलं नाही. मी शाळेत वेळेवर पोचले, पण दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी टँकरपाशी घागरींवरून भांडण झालं. ते सोडवायलाही अप्पा आले नाहीत. दुपारी शाळेतून परतताना बघते, तर भिंगारदिवे मास्तर माझ्या फाटकाशी उभे. पायात चपला, डोक्यावर टोपी.

"बाई, आवाज नाही हो येत," ते म्हणाले. "मी जरा जास्तच बोललो. याल का माझ्याबरोबर?"

अप्पांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत आम्ही दोघंही पहिल्यांदाच जात होतो. खोल्या कोऱ्या होत्या. भिंतीला खिळासुद्धा नव्हता. एक ट्रंक, एक वळकटी. स्वयंपाकघरात बाईमाणसाच्या उंचीच्या बेतानं बांधलेला ओटा, पण त्यावर एक डाग नाही. अप्पा त्या ओट्याखाली जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. डोळे तारवटलेले. आम्हाला बघून उठायला लागले.

"बसा, बसा," मास्तर म्हणाले.

"बसलोयच की. दोन दिस झाले. तुमी म्हनला त्ये खरं हाय का, बघत हुतो." अप्पांनी ओट्याकडे बोट केलं. "ह्यो आमच्या मंडळीच्या मापानं बांधला. म्हनायची, जामखेडात जन्म गेला चुलीपुढं वाकून, नगरला उभ्यानं सैपाक करीन. लाद्या बसवल्या आन् ती गेली. वास्तुशांत बी न्हाई पाह्यली." "स्टँडवर लई गोंधळ असायचा मास्तर, तरी बाकावर पडलं का झोप लागायची. हितं लागत न्हाई. आत आलं का सामसुमीनं कान बधिर हुत्यात."

मास्तर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी. मग म्हणाले, "मला बाहेर तसं होतं. मागं कापडबाजारात माझाच एक विद्यार्थी भेटला. नाव विचारलं त्यानं मला. तेव्हापासून वाटतं, उगाच कशाला दिसायचं कुणाला."

"कोन त्यो?" अप्पा एकदम ताठ झाले. "नाव सांगा त्याचं. कुठं राहतो?"

मास्तर हसले. मला वाटलं, आपल्याला इथे काम नाही. चहा करते म्हणाले, पण घरात ना साखर ना पत्ती. मी दोन्ही आणायला घरी गेले. स्टोव्ह, दूध, कप असं सगळं गोळा करून परत यायला बराच वेळ लागला.

आत आले तेव्हा बोलणं थांबलेलं होतं. अप्पा बसल्या बसल्या झोपले होते. तोंड उघडं, मान कलून मास्तरांच्या खांद्यावर. मास्तर एका अंगानं पार आखडले होते, तरी तसूभर हलत नव्हते. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी सामान हळूच खाली ठेवलं आणि निघताना खुणेनंच विचारलं, दार लावून घेऊ?

"नको," मास्तर पुटपुटले. "सताड उघडं राहू द्या. रस्त्यावरचा आवाज येऊ दे आत."