चमच्यातला च, चहातला च

मी सहा आठवडे इटलीला जाणार आणि माझी मुलगी एक टिपूससुद्धा गाळणार नाही, असं मी अख्ख्या नेरूळला सांगून बसले होते! अख्ख्या म्हणजे आमच्या सोसायटीला, पाळणाघराला, भाजीवाल्या गंगारामला आणि ऑफिसातल्या त्या तिघींना, ज्यांनी "अगं, पण अडीच वर्षांची ती..." असं म्हणून तोंडाचा चंबू केला होता.

आधी इटलीचं सांगते. माझं ऑफिस तळोजाला, नावड्याच्या अलीकडे. आम्ही पॅकिंगची मशिनं आणतो. ती येतात इटलीहून, आणि बंद पडली की तिथला इंजिनियर व्हिडिओवर अर्धा तास हातवारे करून जे सांगतो, त्यातलं आम्हाला फक्त "नो" कळतं. म्हणून साहेबांनी ठरवलं, एकीला तिथे पाठवायचंच. एका घरात राहायचं, सकाळी भाषेची शाळा, उरलेला दिवस बाजार, स्वयंपाक, शेजारपाजार, सगळं त्यांच्यासारखं. ऑफिसात तोंडी परीक्षा झाली आणि मी पहिली आले! गुपित सांगते. मैत्रीला भरवताना मी कानात इटालियन धडे लावायचे. वरणभाताच्या एका वाटीत तीन धडे होतात. इतकी ती हळू जेवते.

मैत्री म्हणजे माझी लेक. तिला 'टाटा' हा शब्द ऐकला की भोकाड पसरायची सवय. टाटा म्हणजे आई चालली, हे गणित पक्कं. मी विचार केला, शब्दच बदलू! नवा कोरा शब्द आणू, ज्याला अजून रडं चिकटलेलं नाही. इटलीत निरोप घेताना काय म्हणतात? चाव! आणि गालाला गाल लावतात. भाषाही झाली, संस्कृतीही झाली, लेकही तयार झाली. एका दगडात तीन पक्षी!

सोमवारी सकाळी दारात वाकले, गाल पुढे केला आणि मधाळ आवाजात म्हटलं, "चाव, मैत्री!"

मैत्रीने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. 'नक्की ना?' असं विचारल्यासारखं. मग तिने माझा गाल चावला.

"आई गं!"

"काय झालं?" दीपेश, म्हणजे माझा नवरा, तोंडात ब्रश घेऊन धावत आला.

"काही नाही रे. पापी घ्यायला गेली, दात लागला बिचारीचा. पण रडली नाही बघ! ब्रावा, मैत्री! ब्रावा!" मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

वाचकहो, त्या टाळ्या मला अजून झोपेत ऐकू येतात.

मंगळवारी दुसरा गाल. बुधवारी हनुवटी. ऑफिसात मी "डास चावला" म्हणून सांगितलं, तर एक जण म्हणाली, "तुमच्याकडे डासाला दोन्ही जबड्यांत दात असतात का गं?"

"दात येत असतील तिला," दीपेश म्हणाला.

"अठरा आलेत! अजून किती यायचेत? मगर आहे का ती?"

पण रडत नव्हती ना! या आनंदात मी योजना सगळीकडे लागू केली. माझ्या सासूबाई, बायजाबाई, जवळच्याच शिरवणे गावच्या. तीस वर्षं बाजारात मासळी विकलेली बाई. अजूनही पहाटे टोपली घेऊन जातात आणि दुपारी आमच्याकडे येतात. ठरलं होतं असं की सकाळी मैत्री पाळणाघरात, दुपारनंतर आजीकडे. यातला एक पाय निखळला की माझी इटली आडवी! मी त्यांनाही पढवलं, "आई, निघताना टाटा नका म्हणू. चाव म्हणा."

"काय म्हनू?"

"चाव."

"बरं बाय. तुझी पोर, तुझी भाषा."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भाग्यश्री, अगो, पोरीनं माझं मनगट फोडलं! तीस वरसं खेकडे बांधले, एक खेकडा मना असा लागला नाय!" दुसऱ्या दिवशी त्या सुक्या मिरच्या घेऊन आल्या आणि मैत्रीची दृष्ट काढली. जाताना पुन्हा प्रेमाने म्हणाल्या, "चाव गो माझे बाय." झालं! दुसरं मनगट.

आता पाळणाघर. सुनयनाताईंचा नियम कडक आहे, भिंतीवर लिहिलेला, 'तीन चावे झाले की मूल घरी.' मी त्यांनाही उत्साहाने सांगून आले होते, "ताई, टाटा बंद. चाव सुरू." ताईंना कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्याच मुलांसाठी घेतली. दुपारी पालक आले की ताई दारात उभ्या राहून गाण्यासारखं म्हणायला लागल्या, "चाव, आशुतोष!"

मैत्री आज्ञाधारक मुलगी आहे. तिने आशुतोषला चावलं.

मला मीटिंगमध्ये फोन. "मैत्रीची आई? दोन झाले. आशुतोषचा दंड आणि माझी करंगळी. नाव मैत्री ठेवलंय ना हो तुम्ही?"

"ताई, मी समजावते तिला!"

समजावलं ना! रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन, डोळे मोठे करून, "चावायचं नाही. कळलं? चावायचं नाही!" ती मान हलवायची. खालचा ओठ थोडा बाहेर यायचा. आणि सकाळी दारात हीच आई गाल पुढे करून म्हणायची, चाव! त्या पिल्लाच्या डोक्यात काय चाललं असेल, याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात इटालियन क्रियापदं होती.

विमानाला नऊ दिवस उरले. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बॅग भरायचे, उपसायचे. थालीपीठाची भाजणी आत, भाजणी बाहेर. शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, "पोर असं करतेय म्हंजे तिला तुझं जानं कळलंय. तू जिच्याकडं राहनार ती बाय मना दाखव. ती बरी वाटली तर जा. नायतर ऱ्हा घरी."

शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. सोफ्यावर सासूबाई, त्यांच्या मांडीत मैत्री, बाजूला दीपेश, मी दुभाषी. पडद्यावर सिन्योरा ओर्नेल्ला, म्हणजे ओर्नेल्लाबाई, आली. साठीची, पांढरे कुरळे केस, पाठीमागे ओट्यावर टोमॅटोचा ढीग.

सासूबाई पुढे वाकल्या. तीस वर्षं पापलेट निवडलेल्या नजरेनं त्यांनी सिन्योराला पाहून घेतलं. "डोले चकचकीत हायेत," त्या म्हणाल्या. "गालावर लाली हाय. बाय ताजी हाय. चांगली हाय."

"काय म्हणतात त्या?" सिन्योराने इटालियनमध्ये विचारलं.

"म्हणतात, तुम्ही सुंदर दिसता," मी म्हटलं. भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतंच.

सिन्योरा विरघळली. मैत्रीकडे पाहून दोन्ही हात हलवत, इटालियन बाया फोन ठेवताना म्हणतात तसं एका दमात म्हणाली, "चाव, मैत्री! चाव चाव चाव चाव!"

पाच!

मैत्रीने आजीचा हात धरला आणि हिशेबाने, एकही न चुकवता, पाच ठिकाणी चावली.

"मेले गो!" सासूबाई ओरडल्या. सिन्योराने तिकडे कपाळाला हात लावला. मी धावले, "मैत्री! चावायचं नाही म्हटलं ना!"

आणि तेव्हा ती रडली. आठवडाभरात पहिल्यांदा. हुंदके देत, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आई म्हंते चाव. आजी म्हंते चाव. ताई म्हंते चाव. मी चावते. मंग लागवतात!"



सासूबाई हात चोळत म्हणाल्या, "अगो येडे! ही गोरी बाय सांगते चाव, तू सांगतंस चाव, म्हनून पोर चावते!"

"आई, तो चाव वेगळा," मी क्षीण आवाजात म्हटलं. "आपल्या चावण्यातला च चमच्यातला. इटालियन च चहातला."

"पोरीला काय म्हाईत, च दोन हायेत?"

दीपेश सोफ्यावरून खाली घसरून हसत होता. मी मैत्रीला उचललं. आठवडाभर ती एकटीच आमचं ऐकत होती, आणि आम्ही सगळे तिलाच रागवत होतो. तिच्या ओल्या गालाला गाल लावला.

"मग आता निरोपाला काय म्हणायचं?" मी विचारलं. "अरिवेदेर्ची म्हणू?"

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. "आपल्यात घरातून निघताना 'जाते' कुनी म्हनतं काय? 'येते' म्हनतात. पोरीला तेच सांग. येते. म्हंजे येनार."

इटालियनचे चाळीस धडे झाले होते माझे. हा धडा कुठेच नव्हता.

सुनयनाताईंकडे जाऊन माफी मागितली. तिसरा चावा झाला नाही. उरलेले सगळे दिवस आम्ही 'येते'चा सराव केला. पाण्याची बाटली आणायला स्वयंपाकघरात गेले तरी 'येते' म्हणून, आणि आले की मैत्री टाळ्या वाजवायची, "आली!"

विमानतळावर मी वाकले, म्हटलं, "मैत्री, येते हं."

"ये," ती म्हणाली आणि बाबाकडून बिस्कीट घेतलं.

एक टिपूस नाही! मी पैज जिंकले! फक्त आत गेल्यावर तपासणीच्या रांगेत मी इतकी रडले की तिथल्या बाईने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, कोणी वारलं का?"

हे मी इथूनच लिहितेय, सिन्योराच्या स्वयंपाकघरात. इथे दुपारी सगळं गाव झोपतं, तेवढा वेळ माझा. गृहपाठ तसाच पडलाय. गालावरचा शेवटचा व्रण तिसऱ्या आठवड्यात गेला. आरशात मी तो शोधते, हे कोणाला सांगू नका.

मैत्री मजेत आहे. रोज कॉलवर विचारते, "आली?" मी म्हणते, "येते." कालच सिन्योरा मागून डोकावली आणि सवयीने बोलून गेली, "चाव, मैत्री!"

मैत्रीने शेजारी बसलेल्या आजीकडे पाहून मोठ्या शहाण्यासारखी मान हलवली. "आजी, तो चहाचा च."

मी तर अभिमानाने फुलून गेले! मग बाजाराला निघालेली सिन्योरा माझ्याकडे वळली, निरोपाला गाल पुढे करून म्हणाली, "चाव, भाग्यश्री!"

आणि खरं सांगते, माझे दात शिवशिवले.