पिंपात मुरलेले चाकू

इंदापूरच्या पेठेत हुसेनभाई तांबोळींच्या दुकानापुढे पाण्याने भरलेलं एक पिंप असे, आणि त्यात चाकू मुरत पडलेले असत. लोक कैऱ्या मुरवतात, हुसेनभाई चाकू मुरवत. दर आठ दिवसांनी ते बाही सरसावून एकेक चाकू म्यानासकट वर काढत, ओढून बघत आणि नापासाला साऱ्या पेठेदेखत झाडत. "ह्यो बघा! नवरदेव घोड्यावरनं उतरंना!"

दुकान तसं विळ्या-कोयत्यांचं. कोयता मागणाऱ्याला मुकाट कोयता मिळे. पाण्यात न्यायला चाकू मागणाऱ्याची मात्र मुलाखत होई. धरणाने अडवलेल्या भीमेच्या फुगवट्यात जाळी टाकणारे, मोटारीच्या पाइपात गुंतलेलं जाळं बुडी मारून सोडवणारे, सगळ्यांची. बरेच जण रिकाम्या हाताने परत जात. गिऱ्हाईक हाकलण्याची कला एवढ्या निष्ठेने जोपासणारा दुसरा दुकानदार मी पाहिला नाही.

मी तेव्हा बारामतीत शाळेत भूगोल शिकवत होतो, म्हणजे निळ्या खडूने समुद्र रंगवत होतो. गावात केबल नुकती आली होती. एका रविवारी तिच्यावर एक गोरा माणूस समुद्रात बुडाला, भाल्याने मासा मारून वर आला आणि माझं आयुष्य बदललं. त्याच्या पोटरीला चाकू बांधलेला होता. आठवड्याभरात मी ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पायाचे पंखे कापले आणि छत्रीच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचं रबर लावून भाला केला. बायको एवढंच म्हणाली, "चिलापी बाजारात साफ करून मिळते." थोर कार्याला घरातून विरोध व्हायचाच. राहिला फक्त चाकू. त्यासाठी इंदापूर गाठलं आणि आधी मास्तर म्हणून ओळख करून दिली.

"कशाला पायजे?" हुसेनभाईंनी विचारलं.

"पाण्याखाली मासे मारायला."

"मासा भाल्यानं मरतोय. चाकू कशाला?"

"केबलवरच्या माणसाकडे होता."

"त्यो बी मास्तर हाय का?"

मग परीक्षा. त्यांनी माझा उजवा हात नायलॉनच्या जाळ्यात गुंडाळला, डोळ्यांवर रुमाल बांधला, पायाला चाकू बांधला. "आता डाव्या हातानं काढा. दम धरून. श्वास घेतला की मेला." भर पेठेत मी तीनदा मेलो. समोरचा शेंगदाणेवाला बाबू म्हणाला, "मास्तर, परत एकदा मरा की, माझं लक्ष नव्हतं."

हुसेनभाईंचे कायदे पक्के होते. टोक बोथट हवं, कारण पाण्याखाली घाबरलेला माणूस पहिल्यांदा स्वतःलाच भोसकतो. एक बाजू साध्या धारेची, दुसरी करवतीसारखी. बांधायचा पोटरीच्या आतल्या अंगाला, दोन्ही हात पोचतील असा. बाहेरच्या अंगाला बांधला की जाळं त्यालाच आधी धरतं. आणि म्यान शेतातल्या पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याचं, स्टोव्हवर गरम करून चेपलेलं. मी भक्तिभावाने धारेची चौकशी केली.

"धार मागनं बघू. आधी निघतो का सांगा."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवडणुकीच्या उमेदवाराबद्दलही तेच: "भाषणाची धार मागनं बघू. गरजंला घरातनं निघतो का सांगा."

तीनदा मेलेल्या माणसालाही स्वाभिमान असतो. मी तडक पुण्याला जाऊन एक चाकू आणला. टोकदार, आरशासारखा लखलखीत, पितळी फुल्यांच्या कातडी म्यानातला. तो मी विजयी मुद्रेने हुसेनभाईंपुढे ठेवला. आता ते माझ्या शहाणपणावर तासभर बोलणार, अशी माझी खात्री. पण त्यांनी म्यानावरून नुसता अंगठा फिरवला आणि चाकू पिंपात सोडला.

"आठ दिसांनी या."

आठ दिवसांनी गेलो तेव्हा फुकटची करमणूक बघायला गर्दी तयारच होती. म्यान फुगून मऊ पडलं होतं, फटीतून तांबडं पाणी गळत होतं. मी मूठ धरून ओढली. मग गुडघ्यात दाबून ओढली. मग बाबूने पलीकडून म्यान धरलं आणि आमची रस्सीखेच सुरू झाली. पेठ हसत होती, मीही हसत होतो. हुसेनभाई हसत नव्हते.

"कासमचा पण न्हाय निघाला," ते म्हणाले.

बाबूने म्यान सोडून दिलं.

कासम त्यांचा धाकटा भाऊ. फुगवट्यात मासे धरायचा. एकदा जाळं सोडवायला खाली गेला आणि त्यातच गुंतला. "चाकू माझ्याच दुकानातला," हुसेनभाई पिंपाकडे बघत म्हणाले. "म्यान बी मीच शिवून घेतलं व्हतं, ईदीला. असंच, झकास कातड्याचं. वर काढला तवा हात मुठीवरच व्हता त्याचा."

मग त्यांनी पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि एक बोथट, कुरूप चाकू काढला. भर बाजारात माझ्या पायाशी बसून तो पोटरीला बांधला. पट्टा दोनदा सोडून दोनदा आवळला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, त्यांना सांगून ठेवल्याप्रमाणे, मी पाण्यावर गेलो, तर काठावर हुसेनभाई उभे. दुकान बंद करून! कासम गेल्यापासून हा माणूस इकडे फिरकला नव्हता, असं तिथले कोळी सांगत होते. त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला.

खरं सांगतो, खाली हिरव्या गढूळ पाण्याशिवाय काही दिसलं नाही. भाला पहिल्याच दमात हातातून निसटला. बहुधा माशांनी तो जप्त केला. मी कशात अडकलोही नव्हतो. तरी हात पोटरीकडे गेला आणि चाकू नुसत्या ओढीसरशी हातात आला. मी वर येऊन तो उंच धरला.

"निघाला!"

हुसेनभाई चपलांसकट गुडघाभर पाण्यात आले होते. दोर त्यांनी मनगटाला तीन वेढे घालून धरला होता. मासा मिळाला का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"परत एकदा दाखवा, मास्तर."

त्या दुपारी मी अकरा बुड्या मारल्या. दर वेळी चाकू वर धरला, आणि दर वेळी काठावरून तेच ऐकू आलं, "परत एकदा."