दुपारी संपणारी बॅटरी

ग्वाल्हेर शहरात डोकं असलेली माणसं पुष्कळ आहेत; ते झोपेतसुद्धा चालू ठेवणारा मात्र मी एकटाच. माझं नाव अंबरीश. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि लगेच दौलतगंजातून पितळी पाटी करून आणली: ‘अंबरीश, खासगी अन्वेषक’. दर्पण कॉलनीत आमच्या दारावरून जाणारे लोक ती पाटी वाचून थबकतात. काही जण आत येऊन विचारतात, इथे रक्त तपासतात का. माझी नजर घारीची, तर्क विजेच्या वेगाचा. माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही. मुळात एकही हाती लागला नाही म्हणून, असं शामला म्हणते. शामला माझी पत्नी आणि साहाय्यक. साहाय्यकाने कमी बोलावं, हे तिला लग्नाआधी सांगायचं राहून गेलं.

प्रकरण शेजारच्या नीलमचं. ती कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर टीम करून लढाईचा खेळ खेळते. या खेळात डोळ्यांइतकेच कान लागतात म्हणे. मागून येणाऱ्या शत्रूची पावलं ऐकू आली नाहीत की तुम्ही मेलात. म्हणून वर्षभर शिकवण्या घेऊन तिने एक भारी वायरलेस हेडसेट घ्यायचं ठरवलं आणि पारखी माणूस म्हणून मला महाराज बाड्यावरच्या बाजारात घेऊन गेली.

दुकानात मी प्रत्येक हेडसेट तळहातावर तोलला, हलवून पाहिला, हुंगलाही. दुकानदार माझ्या पद्धतीने फारच प्रभावित झाला. त्याने दोनदा हेडसेट माझ्या हातातून काढून घेतला. मग त्याने एक काळा, मऊ गाद्यांचा नग पुढे केला आणि त्याच्या कडेचं बटण दाखवलं.

“ये दबाइए, तो बाहर की आवाज़ बढ़कर अंदर आएगी. कोई दरवाज़ा खटखटाए तो हेडसेट उतारना नहीं पड़ेगा.”

“माणूस कान झाकतो तो जगाचं ऐकू येऊ नये म्हणून,” मी म्हणालो. “हे बटण कुणाच्याही कामाचं नाही.”

नीलमने नेमका तोच घेतला, कानांना हलका वाटला म्हणून. घरी आणल्यावर तिने तो सगळ्यांच्या डोक्यावर घालून पाहिला. तिचे आजोबा जयसिंहराव, आई-वडील, आजी विजयाबाई, मी. बटणही दाबून दाखवलं. मला माझंच पोट गुरगुरताना ऐकू आलं.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी ती रडवेली होऊन आमच्याकडे आली.

“काका, परत डेड! मतलब, रोज रात्री फुल चार्ज करते मी. सकाळी बघून जाते. कॉलेजातून येते तर एकदम खाली. परवा मॅचच्या ऐन मध्यात बंद पडला, आणि मागून येऊन मला मारलं ना त्यांनी. टीम हरली.”

“वायर लावून खेळ ना,” शामला म्हणाली.

“चार्जिंगला लावला की हा बंदच राहतो, काकू. मोहित आमचा कॅप्टन आहे ना, तो बोलला, संडेला असं झालं तर तुझी सीट दुसऱ्याला. आणि तो सही बोलतोय यार, हेच वाईट वाटतं.”

तिने डोळे पुसले. मला भरून आलं, पण अन्वेषकाने भरून येऊ द्यायचं नसतं. मी भिंग काढलं. हेडसेटच्या तोंडाशी येणाऱ्या माइकवर एक काळा डाग होता.

“बूट पॉलिश!” मी ओरडलो. “म्हणजे बूट. म्हणजे फौजी. शत्रूच्या टीमने प्रशिक्षित माणूस पाठवलाय. तो दुपारी गच्चीवरून उतरतो, बॅटरी रिकामी करतो आणि दोरावरून निघून जातो.”

“बूट तोंडात धरून?” शामलाने विचारलं.

मी तो सिद्धांत मागे घेतला. त्याऐवजी दुकानदाराने जुनी बॅटरी घातली असा मांडला. तर नीलम म्हणाली, सुट्टीच्या दिवशी ती घरी असते तेव्हा बॅटरी दिवसभर छान चालते. मग मी माकडं, वीजमंडळ आणि स्वतः मोहित अशा सगळ्यांना क्रमाने संशयाच्या वर्तुळात आणून सोडलं. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी दुपारी, नीलम कॉलेजात आणि तिचे आई-वडील कामावर असताना, घटनास्थळी अचानक छापा घालायचा. शामलाने सोबत वाटीभर तिळाची वडी घेतली. छाप्याला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणाली.

जानेवारीची थंडी होती. जयसिंहराव बैठकीत खिडकीपाशी बसले होते, डोक्याभोवती जाड मफलर गच्च गुंडाळलेला. त्यांना सगळी गल्ली आबासाहेब म्हणते. काळीभोर, झोकदार मिशी हा त्यांचा मान. कान मात्र कधीचेच गेलेले. मुलाने ऐकण्याचं मशीन आणून दिलं होतं, ते “हे म्हातारे लावतात” म्हणून त्यांनी कपाटात टाकलं, आणि तेव्हापासून त्यांच्या टीव्हीच्या बातम्या सगळ्या कॉलनीला फुकट मिळत. त्या दुपारी टीव्ही अगदी हळू चालला होता. टीव्ही बिघडलाय, हे मी तत्काळ ओळखलं.

शेजारी विजयाबाई मटार सोलत होत्या आणि हलक्या आवाजात नवऱ्याशी बोलत होत्या. बहिऱ्या माणसाशी इतकं हळू बोलणारी बाई मी पाहिली नव्हती.

“...आणि तुमच्या ताईसाहेबांचा चिवडा दरवर्षी मी कबुतरांना घालते. ती पण नाही खात. तुम्ही दतियाला नोकरीला होतात ना, तेव्हा मी दाराला पाटा लावून झोपायची. इतकी भीती वाटायची. कुणाला सांगितलं नाही कधी... या, या शामलाताई, बसा. काही नाही हो, अशीच बडबडते मी. यांना कुठे ऐकू येतं!”

आबासाहेबांचं डोकं मला नेहमीपेक्षा रुंद वाटलं. मी शामलाच्या कानाशी पुटपुटलो, “गाल सुजलाय. दाढ असणार.”

“दाढा शाबूत आहेत, अंबरीशपंत,” आबासाहेब खिडकीबाहेर बघतच म्हणाले.

ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखणारे बहिरे मी ऐकून होतो, पण पाठमोऱ्या अवस्थेत ओळखणारा हा पहिलाच. मी त्यांना मनोमन दाद दिली आणि नीलमच्या खोलीत गेलो. टेबलावर हेडसेटची पेटी होती. उघडली. आत काहीच नव्हतं!

“चोरी!” मी धावत बाहेर आलो. “आजी, दारं लावा! चोर अजून याच घरात आहे!”

विजयाबाईंच्या मांडीवरून मटार घरंगळले. शामलाने तिळाची वडी टेबलावर ठेवली, आबासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आबासाहेब, मफलर काढता का जरा? आणि मिशीला कलप कधी लावलात?”

आबासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग मफलर सोडला. आत तो काळा, मऊ गाद्यांचा हेडसेट होता, आणि त्याचा माइक मिशीला टेकला होता.

“याने ऐकू येतं,” ते म्हणाले. “नीलूने बटण दाबलं त्या दिवशी हिच्या बांगड्या वाजल्या. किती वर्षांनी.”

“आणि तो बंद करून पेटीत ठेवायला काय झालं होतं?” मी अन्वेषकाच्या आवाजात विचारलं.

“बंद करायचा असतो?”

विजयाबाई उभ्या राहिल्या होत्या. “म्हणजे तुम्ही सगळं ऐकत होतात?”

“सगळं.”

“चिवड्याचं पण?”

“चिवड्याचं पण. पाट्याचं पण.” आबासाहेबांनी मान खाली घातली. “मशीन लावलं असतं तर तुम्ही जपून बोलला असतात, बाईसाहेब. म्हणून लपवलं.”

विजयाबाई मटार उचलून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दुपारपासून त्या घरात बोलणं बंद झालं. नीलमने आजोबांना मिठी मारली, बंद करायचं बटण दाखवलं, आणि आबासाहेबांनी रविवारपर्यंत हेडसेटला हात लावणार नाही अशी शपथ घेतली. ते खिडकीपाशी उघड्या कानांनी बसून राहत. विजयाबाई मटार आतच सोलत. मला त्यांच्याकडे बघवेना.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. आमची खिडकी त्यांच्या बैठकीसमोरच आहे. अचानक विजयाबाईंचा खणखणीत आवाज आला.

“तुमचे कान गेलेत, माझा घसा नाही गेला! ऐका आता! दतियाहून तुम्ही महिन्यातून एकदा यायचे आणि त्यातले दोन दिवस झोपायचे! मी तेव्हाच सांगणार होते!”

आणि त्या बोलत सुटल्या. पाटा, चिवडा, नणंद, कुठल्याशा लग्नात त्यांना न विचारता घेतलेला खाकी कोट, सगळं कॉलनीच्या हवाली झालं. शेजारच्या गच्चीवरच्या उषाताई पापड वाळत घालायचं सोडून कठड्याला टेकल्या. नीलमने नंतर सांगितलं की माइकमधून हे सारं तिच्या टीमलाही ऐकू जात होतं आणि मोहित म्हणाला, “म्यूट मत कर, दादी को बोलने दे.” मागून येणारा शत्रू मात्र तिला ऐकू आला आणि तिने तो वेळेत टिपला. तिची जागा राहिली.

“...आणि तो शेजारचा अंबरीश!” विजयाबाई म्हणाल्या. “हेडसेट तुमच्या डोक्यावर, आणि तो पेटीत शोधत होता!”

मी खिडकी लावली. शामलाने ती उघडली आणि स्टूल ओढून बसली.

सोमवारी विजयाबाईंचा घसा पार बसला. त्यांना हूं की चूं करता येईना. दुपारी पाहिलं तर त्या पुन्हा बैठकीत मटार सोलत होत्या, आणि आबासाहेब खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढून वाट बघत बसले होते. त्यांच्या कानात काहीतरी छोटंसं, फिकट रंगाचं होतं. मी लांबूनच ओळखलं: कापूस. म्हणजे सर्दी.