लाल डोळ्याचा पिवळा

माझ्या अक्षराला आणि ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण तात्यांबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

तात्या मुलुंडच्या चाळीत आमच्या शेजारी. मंडईत गेले की टोमॅटो हातात घेऊन ते सरळ रस्त्यावर उन्हात जायचे आणि भाजीवाला मागे धावायचा. "ट्यूब खोटी बोलता. उजेडात हाड," हे त्यांचं ठरलेलं. मालवणीत हाड म्हणजे आण. जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेला. कापडाचा रंग खिडकीशी धरून दोघांनी पास करायचा, असा तिथला नियम. संपानंतर गिरणी बंद पडली. तात्यांनी गॅलरीत लव्हबर्ड पाळले आणि दुसरा डोळा म्हणून मला हाक मारू लागले.

पिवळे दोन प्रकारचे. काळ्या डोळ्याचा वीस रुपये, लाल डोळ्याचा ऐंशी. पिसं अगदी सारखी. उन्हात धरलं की एकाच्या डोळ्यात डाळिंबाचा दाणा दिसतो, एवढाच फरक.

एकदा शनिवारी दिवेलागणीला जोगेश्वरीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. घाईत होत्या. मी घरी नव्हते. तात्यांनी ट्यूबखाली लाल डोळ्याचा म्हणून दिला, ऐंशी घेतले. सकाळी बघतात तर लाल डोळ्याचा पिंजऱ्यातच.

"वाट लागली," तात्या म्हणाले. "चल गो."

बाई पत्ता देऊन गेल्या होत्या. लाल डोळ्याचा घेऊन, दोन बस बदलून पोचलो. काळ्या डोळ्याचा बाईंच्या खांद्यावर बसला होता.

"बदलून काय करू? हा माझ्या ताटातला भात खातो."

"मग साठ परत घ्या."

"राहू द्या हो."

"शेड चुकली ती चुकली. दर आयतवारी पाच देईन."

पाचची नोट टेबलावर ठेवली. बाईंनी हसून चहा टाकला.

 त्याच आठवड्यात तात्यांचे तांदूळ निवडायला घेतले, तर डब्यात बाईंनी दिलेले ऐंशी रुपये तसेच होते. मी झाकण लावून टाकलं.

दर रविवारी मला न्यायचे. त्यांची बायको, आमची काकी, गेल्यापासून तात्या कोणाकडे चहाला गेलेले मी पाहिले नव्हते. इथे पडद्यावरून वाद घालायचे.

"ह्यो हिरवा."

"निळा आहे."

"खिडकीशी हाडा."

"पडदा खिडकीलाच आहे, तात्या."

बाराव्या रविवारी त्यांनी नोटेची घडी सावकाश उलगडली.

"फिटले," बाई म्हणाल्या.

"फिटले."

साठच्या साठ फिटले होते, कप रिकामे झाले होते. तात्या उठेनात. मीही त्यांना चला म्हणाले नाही.