तीनशे ओम

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अख्ख्या सणसरमध्ये हेडफोनमधलं माझ्याएवढं कुणाला कळत नाही! चार महिने अभ्यास केलाय मी. भवानीनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून, उसाच्या दोन ट्रॅक्टरच्या मधे जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात, मोबाईलवर एकशे सदतीस व्हिडिओ बघितले. बास म्हणजे काय, ट्रेबल म्हणजे काय, झोपेतनं उठवून विचारा! शाळेत एवढा अभ्यास केला असता तर आज काट्यावर बसायची वेळ आली नसती, असं निकिता म्हणते. निकिता म्हणजे माझी बायको. अंगणवाडीत शिकवते, आणि माझ्याशीही त्याच सुरात बोलते.

बजेट अकरा हजार. हे फक्त तुम्हाला सांगतोय. निकिताला सांगितलं होतं तीन हजार. तेवढ्यावरसुद्धा ती उखडली.

"अहो, तीन हजार? कानात घालायला?"

"कानात न्हाय, कानावर!"

"माझं शिलाई मशीन दोन वर्षं बंद पडलंय, त्याला बजेट न्हाय. आणि ह्यांच्या कानाला बजेट हाय!"

त्यामुळं घरात बोलायचं ते तीन हजार. खरा आकडा बोलायचा असेल तर आबांच्या शेजारी बसून बोलायचा. आबा म्हणजे माझे वडील, सावळाराम. चौतीस वर्षं कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये काढली, ऊस चिरडणाऱ्या रोलरांच्या शेजारी. रिटायर झाले तेव्हा फंड मिळाला, कान मात्र तिथंच राहिले. ओसरीवर त्यांच्याजवळ बसून मी फोनवर अकरा हजार, अकरा हजार करायचो आणि आबा मान हलवून "पाऊस बरा हाय यंदा" म्हणायचे. एवढं सुरक्षित ठिकाण इंदापूर तालुक्यात दुसरं नव्हतं!

हेच आबा पूर्वी देवळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या हाताशिवाय गावात भजन उभं राहत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सप्ताहात ताल चुकला. टाळकरी पुढं गेले, आबा मागं राहिले, आणि कुणीतरी हसलं. हसलेलं ऐकू आलं नाही, पण दिसलं. आबांनी पखवाज घरी आणला, जुन्या धोतरात गुंडाळून फळीवर ठेवला आणि देवळाची पायरी सोडली. कानाच्या मशीनचं नाव काढलं की भडकायचे. "मशीन लावायला मी काय म्हातारा झालोय?" वय वर्षं चौऱ्याहत्तर!

माझं लक्ष कुठं होतं म्हणाल, तर व्हिडिओ नंबर ब्याण्णववर.

एका रविवारी बारामती गाठली. भिगवण रोडवरच्या दुकानात उत्कर्षा नावाच्या मॅडम होत्या. मी व्हिडिओतलं एकेक वाक्य फेकत गेलो, मॅडम गप्प ऐकत गेल्या. मग आतून एक काळा जाडजूड हेडफोन घेऊन आल्या.

"सर, हा तीनशे ओहमचा. एका साहेबांनी दोनदाच वापरून परत दिला. अर्ध्या किमतीत देते."

ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. मला माहीत होतं! मोबाईलला जोडला, तर काडेपेटीत डास कोंडावा तसा आवाज.

"याला अँप्लिफायर लागेल, सर. छोटासा येतो. मागवावा लागेल, शनिवारी मिळेल."

सगळं मिळून बरोब्बर अकरा हजार. मी ॲडव्हान्स दिला आणि शीळ घालत घरी आलो.

गुरुवारी मॅडमचा फोन आला. मी ओसरीवर, आबांजवळ, माझ्या सुरक्षित ठिकाणी.

"व्हय मॅडम, तीनशे ओहमचं! आणि अँप्लिफायर बी. शनिवारी नक्की न्यायला येतो. रविवारी चालू करायचा हाय!"

आकडा बोललो नाही, हे नशीब. कारण मागं उंबऱ्यात आई गहू निवडत बसली होती. माझी आई, रंगूबाई. तिचे कान आबांच्या वाटणीचंही ऐकतात.

आता गावाकडची गोष्ट लक्षात घ्या. आमच्याकडं अँप्लिफायर या शब्दाचा एकच अर्थ, देवळातलं मशीन! कर्ण्याला जोडतात ते. आणि देवळातलं मशीन गेल्या एकादशीला धूर सोडून बसलं होतं. सप्ताह कधी सुरू होणार? रविवारी! आईनं गव्हाचं सूप खाली ठेवलं, डबा उचलला आणि गिरणीत गेली. तिथं गोजरबाई भेटली. गोजरबाईच्या कानात गोष्ट पडली की वेगळी दवंडी लागत नाही.

आई तिला म्हणाली, "आमचा ज्ञानू देवळाला अँप्लिफायर देतोय. साधासुदा न्हाय, तीनशे ओमचा!"

संध्याकाळी पाच वाजता देवस्थान कमिटीचे महिपती तात्या चौघांना घेऊन दारात हजर. आजवर मला 'ए ज्ञान्या' म्हणणारे तात्या हात जोडून म्हणाले, "ज्ञानेशराव, गावाला जिकलंत!"

"काय झालं, तात्या?"

"आता लपवू नका. तीनशे ओम! चालू केल्या केल्या तीनशे येळा ओम म्हणतं का त्ये?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तात्या, तसं न्हाय हो. ते लय बारकं मशीन हाय."

"दान बारकं-मोठं नसतं!"

"त्याचा आवाज बाहेर येत न्हाय. नुसता कानात जातो!"

"वा!" तात्यांनी मागं वळून बघितलं. "ऐकलं का रं? कानात जातो त्योच खरा आवाज! न्हायतर आमी नुसताच गलका करतो."

"तात्या, ते मी माझ्यासाठी..."

"सोताच्या समाधानासाठीच करायचं असतंय. रविवारी दहाला सत्कार! टोपी घालून या."

चहा पिऊन मंडळी गेली. म्हटलं, आईलाच खरं सांगू. ती निस्तरेल. आत गेलो तर आईनं फळीवरचा पखवाज खाली काढला होता. धोतर सोडून पदरानं त्याच्या चामड्याच्या वाद्या पुसत होती.

"आई, ऐक ना जरा..."

"मोठं मशीन आलं की ह्यांना ऐकू येईल, न्हाय का रं?" ती म्हणाली. "मग बसतील वाजवायला. दोन वर्सं झाली ज्ञानू, मी बोलते आन भिताड ऐकतं. कुणाला सांगितलं न्हाय मी. पण तू न सांगता वळखलंस."

खरं सांगतो, लाज वाटली. चार महिने मी आवाजाचा अभ्यास करत होतो, आणि घरातल्या बाईचा आवाज कुठं पोचत नाही हे मला ठाऊक नव्हतं. "व्हय आई," एवढंच म्हणालो आणि परड्यात जाऊन म्हशीसमोर उभा राहिलो.

देवळाचं खरं मशीन घ्यायला गाठीला काही नव्हतं. शनिवारी बारामतीहून खोकं आणलं, तसंच देवळात नेऊन ठेवलं आणि म्हटलं, रविवारी देवच बघेल.

रविवारी दहा वाजता देऊळ गच्च! आईनं काय सांगून आणलं कुणास ठाऊक, आबाही कोपऱ्यात येऊन बसलेले. बायकांच्या बाजूला निकिता, माझ्याकडं संशयानं बघत. तीन हजारांत देवळाचं मशीन येत नाही, एवढा हिशेब तिला येतो. तात्यांनी मला शाल घातली, नारळ दिला, पुढं ठेवलेल्या खोक्याची दोरी सोडली आणि आत हात घातला.

हातात आली अंगाच्या साबणाच्या वडीएवढी डबी.

तात्यांनी ती उलटीपालटी करून बघितली.

"ह्यो रिमोट दिसतोय," तात्या म्हणाले. "मशीन मागनं टेम्पोत येतंय का?"

"न्हाय तात्या. हेच मशीन."

"आरं, तीनशे ओम ह्यात बसत्यात व्हय?" गोजरबाई ओरडली.

"ओम न्हाय, काकी! ओहम!"

"त्येच की!"

मग मात्र मी अंगावर शाल तशीच ठेवून सगळं सांगितलं. हेडफोन, व्हिडिओ, माझी हौस, सगळं. आकडा सोडून! कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. तात्या शालीकडं बघत होते, परत कशी मागावी या विचारात. आणि आईनं मान खाली घातली. तिच्या मांडीवर पखवाज होता.

कोपऱ्यातनं आबांचा खणखणीत आवाज आला, "काय झालं? मशीन बंद हाय का?"

तेवढ्यात झुंबर उठला. झुंबर म्हणजे आमचा मंडपवाला, माझा वर्गमित्र. त्याचा टेम्पो लग्नाचं सामान भरून बाहेरच उभा होता. "माझं मशीन दुपारपर्यंत वापरा," तो म्हणाला. "लगीन तीनचं हाय. आन ज्ञान्या, ती डबी इकडं आण."

त्यानं कर्णा जोडला, माईक लावला. मग आपल्या मशीनच्या मागनं एक वायर काढून माझ्या डबीत घातली, डबीला हेडफोन लावला आणि तो घेऊन आबांसमोर बसला.

आबांनी डोळे बारीक केले. "हे कानाचं मशीन न्हाय ना?"

मी दोन्ही हात हलवून, तोंड मोठं करून सांगितलं, "न्हाय आबा! हे गाण्याचं! मोठमोठे वाजवणारे घालत्यात!"

"मग ठीक हाय." टोपीवरनं त्यांनी हेडफोन चढवला. झुंबरनं बटण फिरवलं आणि टाळकऱ्यांना खूण केली. टाळ वाजले. आबा बसल्या जागी दचकले.

"आरं हळू! वरडताय कशाला?"

सगळं देऊळ हसलं. आबांना ते हसू ऐकू आलं, आणि तेही हसले! आई उठली, पखवाज त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "घ्या." नुसतं तेवढंच. आबा तिच्याकडं बघतच राहिले.

"रंगू, तुझा आवाज बसलाय का गं?"

"दोन वर्सं वरडतेय! बसंल न्हायतर काय?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमतो. आबा इकडंतिकडं बघायला लागले तर आईनं पदराआडनं दुसरीच एक डबी काढली. कणीक घरनंच मळून आणली होती तिनं! आबांनी ती लावली, थाप मारली आणि भजन सुरू झालं. एक मात्रा इकडची तिकडं नाही. तात्या उपरण्यानं डोळे पुसत होते. मीही शालीला पुसले. झुंबरचे, टाळकऱ्यांचे, त्या उत्कर्षा मॅडमचे, हेडफोन परत करणाऱ्या अनोळखी साहेबांचे, सगळ्यांचे पाय धरावेत असं वाटलं मला. माझे हेडफोन गेले होते आणि मला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

अभंग संपला. मी आबांच्या शेजारी, माझ्या त्या सुरक्षित ठिकाणी येऊन बसलो. झुंबर कानाशी लागला.

"लय भारी चीज हाय. केवढ्याला पडली रं?"

सवय, दुसरं काय!

"अकरा हजार," मी कुजबुजलो. "निकिताला तीन सांगितलंय. बोलू नको."

माईक पखवाजासमोर होता. पखवाजाशेजारी मी होतो. आणि कर्णा होता देवळाच्या शिखरावर!

"...तीन सांगितलंय. बोलू नको," असं सगळ्या सणसरला ऐकू गेलं. कालव्याच्या पलीकडं उसाला पाणी देणारेसुद्धा थांबले म्हणतात.

आबांनी माझ्याकडं वळून, माईकसमोरच विचारलं, "अकरा? आन सुनेला तीन सांगितलंस?"

बायकांच्या बाजूची सगळी तोंडं निकिताकडं वळली. निकिता माझ्याकडं बघत होती. अंगणवाडीत पोरं मुतली की बघते, तशी.

दुपारी जेवताना ती स्वयंपाकघरात शांतपणे म्हणाली, "आबांसाठी अकरा काय, बावीस गेले असते तरी मी बोलले नसते. मी खूश हाय. पण मला तुम्ही तीन सांगितलेत ना? मग मी तीनच धरते. वरचे आठ माझे. शिलाई मशीन!"

"हळू बोल," मी दाराकडं बघत पुटपुटलो. "दिवाळीला बघू. तोपर्यंत तू इसरशील."

"दे रं तिला आत्ताच!" ओसरीवरनं आबा गरजले.

मी चमकून चुलीपुढं बसलेल्या आईकडं बघितलं. देवळातनं निघतानाच झुंबरनं त्याचा एक बिनवायरचा कॉलर माईक आबांच्या डबीला कायमचा जोडून दिला होता. तो माईक आईनं स्वतःच्या पदराला लावून घेतलाय. भाकरी थापता थापता दोन वर्षांचं साठलेलं बोलत असते, आणि आबा ओसरीवर हेडफोन घालून "व्हय, व्हय" करत असतात.

शिलाई मशीन आलं. छान चालतं. देवळाच्या फलकावर 'तीनशे ओमचे यंत्र, सप्रेम भेट' असं माझ्या नावानं रंगवलंय. तात्यांनी शाल परत मागितली नाही.

आणि हे सगळं मी तुम्हाला काट्यावर बसून सांगतोय. घरी आता कुजबुजायची सोय राहिली नाही.