मधल्या जागेचा उमेदवार

आमचे शेजारी यशवंतकाका लग्नाच्या पंगतीत, मर्तिकाला, बसमध्ये, कुठेही एकच प्रश्न विचारायचे: "मधे कोण बसणार?" बसमधली माणसं बिचारी सरकून त्यांना जागा करून द्यायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावात राहत होतो. काका सरकारी हापिसात पगाराचा हिशेब करणारा भलामोठा संगणक सांभाळत. त्यांच्या डोक्यात एक खेळ बसला होता. डोमिनोच, पण तिघांनी तीन गावांतून टेलिफोनवर खेळायचा. कुणाकडे कोणत्या सोंगट्या, पाळी कुणाची, हे लक्षात ठेवणारं यंत्र मधे हवं. आजची पोरं त्याला सर्व्हर म्हणतात. काका त्याला 'मधला' म्हणत आणि मुलीसाठी स्थळ बघावं तसा त्याला शोधत.

पहिलं स्थळ टीव्हीला जोडायचा छोटा संगणक. हुशार, पण वीज गेली की सगळं विसरायचा, आणि आमच्याकडे जरा वारा सुटला तरी वीज जायची. "विसराळू जावई नको," काका म्हणाले.

दुसरं स्थळ हापिसातलं. "सरकारी यंत्रावर डोमिनो?" साहेबांनी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत, साहेब. तोही तेव्हा नुसता बसून असतो."

साहेबांनी काकांना तळघरात जुन्या फायलींवर नेमलं.

"की पू फेर," म्हणजे आता काय करायचं, असं बेटावरच्या क्रेओल बोलीत पुटपुटत काका घरी आले. काकी भाजी चिरत होती. काका तिच्याकडे बघतच राहिले. मग मुलाखत सुरू झाली.

"दोन माणसं एकदम बोलली तर?"

"एकाला थांब म्हणेन."

"एकाच्या सोंगट्या दुसऱ्याने विचारल्या तर?"

"इतकी वर्षं या घरात आहे. कोण काय लपवतं ते ठाऊक असतं मला. बोलते का कधी?"

काकांनी मला बाजूला घेऊन निकाल सांगितला. "स्मरण उत्तम. वेग बरा. स्वयंपाकाच्या वेळी बंद."

दर रविवारी खेळ होऊ लागला; अर्धा राहिलेला डाव पुढच्या रविवारी चालू व्हायचा. काका स्वतः एक खेळाडू. दुसरे त्यांचे थोरले भाऊ, रिव्हिएर दू रांपारला वांगी पिकवणारे दादा. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करत. तिसरी त्यांची बहीण, सूयाक गावी दिलेली ताई. आई गेल्यावर शेताच्या वाटणीवरून दादा आणि ताई यांचं बोलणं तुटलं होतं. एक आला की दुसरी यायची नाही. काका बोलावून बोलावून थकले होते.

"दादांनी पाच-तीन लावलं," काकी ताईला सांगायची.

"लावणारच. लहानपणापासून घाई."

काकी हेही दादांना पोचवायची. ते नियमात नव्हतं. काकांनी कधी हरकत घेतली नाही.

मग एक वादळ आलं आणि टेलिफोनच्या तारा तुटल्या. रविवारी मी चहाला गेलो, तर काका मुका फोन कानाला लावून बसलेले. दारात दादा उभे राहिले. शर्टाच्या खिशात सोंगट्या खुळखुळत होत्या.

"फोन लागत नाही," ते म्हणाले. "पाळी माझी आहे."

तासाभराने ताई आली. पदराच्या गाठीत सोंगट्या बांधलेल्या. दादांना बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"बस ना," दादा टेबलाकडे बघत म्हणाले. "कधीची निघालीस?"

"पहाटे. एकच बस होती."

ती बसली. काकीने फोन उचलून टेबलाखाली ठेवला.

काका मात्र दिसेनात. मी स्वयंपाकघरात गेलो, तर ते धुतलेले पेले पुन्हा धूत होते. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "तारवाल्यांना सांग, आमच्या गल्लीची घाई नाही."