काळी दोन

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या अख्ख्या गोतावळ्यात माझ्यासारखा कान कुणाचा नाही. पंचवीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काढलीत, गंमत नाही! लिफ्टचं दार कुरकुरलं, तर ते कुठल्या पट्टीत कुरकुरलं हे मी चौथ्या मजल्यावरून सांगतो. बायको म्हणते, "त्यापेक्षा तेल घाला." गाढवाला गुळाची चव काय! (हे तिच्यापर्यंत पोचवू नका.)

सासरे मात्र खरे गायक. तरुणपणी त्यांनी एकच गाणं मुद्रित केलं होतं. निरोपाची कविता, साथीला फक्त पियानो. मग नोकरी लागली आणि गाणं मागे पडलं ते पडलंच. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. आता दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून आठवडाभराची मुदत सांगितली होती. बाबांनी वहीत एकच मागणं लिहिलं : "माझा आवाज एकदा ऐकायचाय."

"एवढंच ना?" मी छाती फुगवून म्हणालो. "असा ऐकवतो की अख्खा वॉर्ड रडेल!"

माळ्यावर टेप सापडली. स्टुडिओतल्या मशीनवर चढवली आणि कपाळाला हात लावला. गाणं चक्क पळत होतं! शब्द काय, तर मी निघालो, दार लावून घ्या. आणि गाणारा असा खुशीत, की जणू याला लॉटरी लागलीय! मी ताबडतोब निदान केलं : जुनी टेप, वेग चुकलाय. टेपचा वेग वाढला की सूरही चढतो, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. मी वेग उतरवत गेलो. गाणं काळी दोनच्या पट्टीत होतं, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर त्याचा सा. ते खाली पांढरी एकवर आणून ठेवलं. आता कसं गंभीर झालं! आवाज विहिरीतून आल्यासारखा भरदार. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फोनवर घेतलं आणि निघालो.

दुपारी सगळे खाटेभोवती जमलो. मी फोन उशीशी ठेवून गाणं लावलं.

पहिल्याच ओळीला बाबांनी डोळे वटारले. मग एक बोट वर केलं.

"आवाज वाढव म्हणतायत," मी म्हणालो आणि वाढवला.

बोट आणखी वर गेलं. बायकोनं हुंदका दिला. "अहो, बाबा वर बोट दाखवतायत! देवाकडे!"

"काहीतरीच काय बोलतेस? घरी न्या म्हणतायत," सासूबाई म्हणाल्या. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे तेही कुणाला खोटं ठरवता येईना.

तेवढ्यात बाबांनी चमचा उचलला आणि खाटेच्या दांडीवर आपटायला लागले. टक टक टक टक! गाण्याच्या जवळजवळ सव्वापट वेगानं!

"ताल धरलाय!" मी गहिवरून म्हणालो. "जरा पुढे पळतायत, पण या वयात चालायचंच."

बाबा लालबुंद झाले. उशाचं मशीन टिटिट करायला लागलं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा ओरडले, "अहो, हा माणूस मेल्यावर लावा ना हे!" नर्स धावत आली. "पेशंटला किती त्रास होतोय, दिसत नाही?" म्हणाली आणि शांत झोपेचं इंजेक्शन देऊन मोकळी झाली. बाबांनी झडप घालून वही ओढली. डोळे मिटता मिटता दोन ओळी खरडल्या आणि हातातून पेन गळालं.

"काळी दोन. कुणी हळू केलं?"

मी ते तीनदा वाचलं. सासूबाईंनी चष्मा लावून चौथ्यांदा वाचलं.

"जावईबापू, तुम्ही गाणं हळू केलंत?"

"ते निरोपाचं गाणं आहे हो, आई."

"असेल. पण ते मुद्रित केलं त्याच दिवशी सकाळी मी लग्नाला हो म्हटलं होतं. पियानोवाला सारखा ओरडत होता, 'सावकाश घ्या, सावकाश घ्या.' हे ऐकतायत कुठे! आयुष्यात तेवढं एकदाच असे गायले."

मी धावत स्टुडिओत गेलो. टेप होती तशी, न सुधारता उतरवून घेतली. दहा मिनिटांचं काम. परत आलो तेव्हा ते झोपलेलेच होते. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी जागे होईनात. शेवटी मी फोन त्यांच्या कानाशी धरला आणि काळी दोनमधलं गाणं लावलं. एकदा, दोनदा, सात वेळा. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. एकही हललं नाही. फार वाईट वाटलं हो. दुपारी ते गेले.

म्हणजे त्यांनी शुद्धीत असताना शेवटचा ऐकलेला त्यांचा आवाज त्यांचा नव्हताच. तो मी तयार केलेला होता.

शोकसभेला मी खरं गाणं लावलं. लोक दचकले. दोघांनी नकळत पाय हलवले आणि शरमून थांबवले. सासूबाई मात्र ओठ मिटून हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा वाहत होत्या.

सभा संपल्यावर एक गाण्यातले दर्दी गृहस्थ जवळ आले. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "काय आवाज होता! फक्त वेग जरा जास्त झालाय हं. निरोपाचं गाणं असं नसतं. माझा कान तयार आहे, म्हणून कळलं."

मी म्हणालो, "हो का? बघतो."